तंबाखूचे पान, बालकांचे हात आणि धूम्रपानाची नीती

धूम्रपानाविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये जे उपदेश होतात, त्यांचा रोख बहुधा एकाच प्रश्नावर असतो : ख्रिस्ती माणसाने विडी-सिगारेट ओढावी की ओढू नये? या प्रश्नाचे उत्तर देताना १ करिंथकर ६:१९-२० या वचनांचा आधार घेतला जातो, देह हे पवित्र आत्म्याचे वसतिस्थान आहे याची आठवण दिली जाते, आणि ओढणाऱ्याने आपल्या देहाचा नाश करू नये असा बोध करून उपदेश संपतो. हा बोध खरा आहे व तो सोडून देण्याचे काहीच कारण नाही. परंतु तो अपुरा आहे असे आम्हांस नम्रपणे सुचवावयाचे आहे. ओढणाऱ्याच्या ओठांपर्यंत येण्यापूर्वी ते पान अनेक हातांतून गेलेले असते, आणि त्यांतील काही हात बालकांचे असतात. देहाच्या पावित्र्याचा सिद्धान्त जर ओढणाऱ्याच्या देहाला लागू पडतो, तर तो पान खुडणाऱ्या मुलाच्या देहाला का लागू पडू नये?

हा प्रश्न आपल्या वाचकांपासून दूरचा नाही. बेळगाव जिल्ह्यातील निपाणीचा परिसर आणि बडोद्याच्या शेजारचा चरोतर, म्हणजे खेडा व आणंद हा भाग, ही दोन्ही विडीच्या तंबाखूची जुनी व प्रसिद्ध क्षेत्रे आहेत. मध्य प्रदेशाच्या जंगलांतून तेंदूची पाने येतात, आणि तेलंगणापासून सोलापूर-सिन्नरपर्यंत घरोघरी विड्या वळल्या जातात. आपले पाळक व धर्मशिक्षक ज्या वस्त्यांत सेवा करतात, त्यांपैकी अनेक वस्त्यांची भाकरी याच पानावर अवलंबून आहे. म्हणून या विषयाचा विचार करताना आवेशापेक्षा विवेकाची गरज अधिक आहे.

१. पानातील विष

तंबाखूच्या हिरव्या पानात निकोटीन हे द्रव्य असते व ते पाण्यात सहज विरघळते. पहाटेचे दव किंवा पाऊस पानावर साचला म्हणजे ते द्रव्य त्या ओलाव्यात उतरते, आणि पाने खुडणाऱ्याच्या किंवा वाहून नेणाऱ्याच्या कातडीतून शरीरात शिरते. अंग घामाने भिजले असले, हातावर ओरखडे असले, तर ते अधिकच लवकर शिरते. मग मळमळ, वांती, डोकेदुखी, भोवळ व अशक्तपणा ही लक्षणे दिसू लागतात. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ असे नाव आहे. १९७० साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील मजुरांविषयी त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून गुजरातेतील तंबाखू-मजुरांची तपासणी केली, तेव्हा त्यांनाही हीच लक्षणे आढळली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या प्रौढाला तंबाखूचे व्यसन आहे त्याच्या शरीराला निकोटीनची थोडीबहुत सवय झालेली असते. मुलाला ती नसते. शिवाय त्याचा देह लहान असल्यामुळे तेवढ्याच विषाचा भार त्याच्यावर अधिक पडतो, आणि त्याचा मेंदू अद्याप वाढीस लागलेला असतो. तेव्हा जे मूल आयुष्यात एकदाही विडी ओढलेले नाही, तेच मूल या शेतात निकोटीनने सर्वांत अधिक पीडित होते. पिकावर फवारलेली कीटकनाशके, उन्हातील वाकून करावयाचे काम आणि धारदार हत्यारे यांचा धोका त्याखेरीज आहेच.

२. शेत, वखार आणि सूप

तंबाखू हे कष्टाचे पीक आहे. रोपे वाढवून ती उपटून लावणे, तण काढणे, शेंडे खुडणे, बगलेतील फुटवे पुनःपुन्हा मोडणे, पाने काढणे, वाळविणे, प्रतवारी लावणे, अशी कामे महिनोन्महिने चालतात, आणि यांतील बहुतेक कामे हातांनीच करावी लागतात. जेथे पिकाला मिळणारा भाव अपुरा, कर्ज अधिक व मजुरी देण्याची ऐपत नाही, तेथे घरातील मूल हाच बिनमोल मजूर ठरतो. बालश्रमाचे मूळ आईबापांच्या निर्दयपणात शोधणे हे म्हणूनच वरवरचे निदान होय. पुष्कळदा ते पिकाच्या हिशेबात असते.

निपाणीचा इतिहास याची साक्ष देतो. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिल १९८१ रोजी आंदोलकांवर गोळीबार झाला व त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच सुमारास तेथील वखारींत तंबाखू चाळणाऱ्या व निवडणाऱ्या स्त्रियांनीही आपली संघटना उभारली होती. त्यांच्या लढ्यावर युगांतर या चित्रपट-गटाने १९८२ साली माहितीपट काढला. एकाच पानाच्या एका टोकाला भाव न मिळणारा शेतकरी, तर दुसऱ्या टोकाला धुळीत खोकत बसलेली मजूर स्त्री, असे ते चित्र होते. या दोघांच्या घरची मुले शाळेत का टिकत नाहीत, हे वेगळे सांगावयास नको.

विडीचा धंदा बहुतांशी घरातून चालतो. सरकारी अंदाजाप्रमाणे देशात सुमारे ५० लाख विडी कामगार आहेत व त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. मजुरी हजारी विड्यांवर ठरते. विड्या कमी भरल्या किंवा नापसंत ठरल्या तर मजुरी कापली जाते. मग आईच्या मांडीवरील सुपाशेजारी मुलगी येऊन बसते, पाने कातरते, विडीची तोंडे मिटते, दोरा बांधते. ती ‘मदत’ करते असे सर्वजण म्हणतात. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, परंतु तिच्या बोटांवाचून हजारी भरत नाही.

आपल्या देशाबाहेरही हेच आहे. मलावी या आफ्रिकी देशात तंबाखू ही मुख्य निर्यात. तेथे कुळे सहकुटुंब मळ्यावर राहून राबत असत व हंगामाच्या शेवटी त्यांचा हिशेब होत असे. या पिकात बालश्रम व सक्तीचे श्रम असल्याच्या कारणावरून नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने मलावीचा तंबाखू आपल्या बंदरांत अडवून ठेवण्याचा आदेश काढला. मात्र खुद्द अमेरिकेची स्थिती अशी की, ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने २०१४ साली उत्तर कॅरोलिना, केंटकी, टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांतील तंबाखूच्या शेतांत राबणाऱ्या ७ ते १७ वर्षांच्या १४१ मुलांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या, आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी मळमळ, डोकेदुखी, भोवळ यांसारख्या तक्रारी सांगितल्या. त्या देशात डिसेंबर २०१९ पासून २१ वर्षांखालील व्यक्तीला सिगारेट विकता येत नाही. परंतु १२ वर्षांचे मूल आईबापांच्या संमतीने शाळेच्या वेळेबाहेर तंबाखूच्या शेतात मजुरी करू शकते. जे पान विकत घेण्यास मूल लहान ठरते, तेच पान खुडण्यास ते पुरेसे मोठे ठरते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे १३ कोटी ८० लाख बालके श्रमात गुंतलेली होती. त्यांपैकी ५ कोटी ४० लाख घातक कामांत होती. या सर्व बालकांपैकी शेकडा ६१ शेतीच्या क्षेत्रातील होती. तंबाखू हा त्यातील एक भाग आहे. परंतु पीक स्वतःच विषारी असल्यामुळे तो विशेष चिंतेचा भाग आहे.

३. कायद्याची मर्यादा

आपल्या देशात कायद्यांची वाण नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना त्या आस्थापनांत कामास मनाई केली. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळणे हे निषिद्ध कामांच्या यादीत घातले. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामास लावणे निषिद्ध ठरविले आणि १४ ते १८ या वयातील मुलांना घातक कामांपासून दूर ठेवले. बालश्रमाविषयीचे १३८ व १८२ क्रमांकांचे आंतरराष्ट्रीय करारही भारताने २०१७ साली मान्य केले.

तथापि त्याच २०१६ च्या दुरुस्तीने मुलाला शाळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याची मुभा दिली आहे. घातक ठरविलेल्या कामांना ती मुभा नाही हे खरे. पण घराच्या उंबरठ्याआड व बांधाच्या आत कोणते काम ‘मदत’ आणि कोणते ‘श्रम’, हे पाहावयास तपासनीस पोहोचत नाही. तेथे पोहोचतो तो शिक्षक, आणि पोहोचू शकतो तो पाळक. कायद्याची दृष्टी जेथे संपते तेथे मंडळीची जबाबदारी सुरू होते, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

४. मंडळीचा स्वतःचा इतिहास

या बाबतीत ख्रिस्ती मंडळीला इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपला इतिहास पाहिला पाहिजे. तंबाखू आपल्या देशात पोर्तुगीजांच्या मागोमाग आला. सतराव्या शतकाच्या प्रारंभी अकबराचा दूत असद बेग याने तो विजापुरात पाहिला व बादशहाच्या दरबारी नेला. जहांगिराने १६१७ साली त्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ सालीच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. पोप आठवा अर्बन याने १६४२ साली सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू सेवन करणाऱ्यांस बहिष्काराची धमकी दिली. या आज्ञेचा हेतू उपासनेचे पावित्र्य राखणे हा होता. वेदीजवळ धूर नको एवढे मंडळीला कळले. ते पान कोणाच्या हातांनी पिकते, हे तेव्हा तिने विचारले नाही.

त्याच काळात व्हर्जिनिया वसाहतीत तंबाखूची शेती आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर वाढत होती, आणि तेथील अँग्लिकन पाळकांचा पगार तंबाखूतच दिला जात होता. १६९६ च्या कायद्याने तो वर्षाला १६,००० पौंड तंबाखू इतका ठरविण्यात आला होता. पुढे १७५८ साली तंबाखूचा भाव चढला असता, पाळकांचा पगार पौंडाला दोन पेन्स या दराने रोखीत देण्याचा कायदा झाला. तेव्हा पाळकांनी आपले नुकसान झाले म्हणून न्यायालयात धाव घेतली. आपल्या हक्काच्या पौंडांचा हिशेब त्यांनी चोख ठेवला. ते पौंड पिकविणाऱ्या गुलामांच्या मुलांविषयी मात्र त्या दाव्यात शब्द नव्हता. आपली उपजीविका ज्या गोष्टीवर चालते, तिच्यातील अन्याय दिसणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण आपल्या व्यवसायातील माणसांचे आहे, म्हणून ते विसरू नये.

एकोणिसाव्या शतकात लंडनचा थोर उपदेशक स्पर्जन याने १८७४ साली आपल्या व्यासपीठावरून सिगार ओढण्याचे समर्थन केले. शास्त्रात ज्याची मनाई नाही, ते कृतज्ञतेने भोगलेले असता पाप नव्हे, असा त्याचा आशय होता. त्या काळी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध झालेला नव्हता. तो १९५० नंतर निर्विवाद झाला. स्पर्जनला दोष देण्याचे आम्हांस प्रयोजन नाही, पण त्याचे अज्ञान आपल्याला उसने घेता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणे तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावतात, आणि त्यांत स्वतः न ओढणारीही पुष्कळ असतात. विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समजही खोटा आहे. अलीकडे, २०१८ पासून, व्हॅटिकन नगरात सिगारेटची विक्री बंद करण्यात आली. लोकांच्या आरोग्याला स्पष्टपणे अपायकारक असलेल्या धंद्यातून मंडळीने लाभ घेऊ नये, हा त्यामागील विचार होता.

५. शास्त्राचा आधार

शास्त्रात तंबाखूचे नाव नाही. म्हणून शास्त्र याविषयी मूक आहे असे म्हणणे चुकीचे होईल. आम्हांस चार तत्त्वे दिसतात.

पहिले, दास्याविषयी. १ करिंथकर ६:१२ मध्ये पौल स्वातंत्र्य मान्य करतो, परंतु कोणत्याही वस्तूच्या अधीन होण्यास नकार देतो. निकोटीन हे व्यसन जडविणारे द्रव्य आहे. ओढणारा आपल्या स्वातंत्र्याचा दाखला देतो, तेव्हा त्याचे ते स्वातंत्र्य बहुधा आधीच गहाण पडलेले असते.

दुसरे, पूर्वकल्पनेविषयी. अनुवाद २२:८ मध्ये नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा अशी आज्ञा आहे. कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. ज्या धोक्याची कल्पना करता येते, त्याच्या निवारणाची जबाबदारी धोका निर्माण करणाऱ्यावर आहे, हे या आज्ञेचे मर्म होय. ओल्या पानातील विष आता सर्वांस ज्ञात आहे. म्हणून शेतमालक, व्यापारी, कारखानदार व ग्राहक यांपैकी कोणालाही ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

तिसरे, मजुरीविषयी. अनुवाद २४:१४-१५ व याकोब ५:४ येथे अडविलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो असे सांगितले आहे. ज्या हजारीत मुलीचे श्रम आहेत पण तिची मजुरी नाही, ती अडविलेली मजुरीच होय. तिच्याकडून हिरावून घेतलेली शाळा हीदेखील त्याच हिशेबात धरली पाहिजे.

चौथे, लहानांविषयी. प्रभूने बालकाला शिष्यांच्या मध्यभागी उभे केले (मार्क ९:३६) आणि लहानांना अडखळण आणणाऱ्यास मोठ्या जात्याच्या तळीचा इशारा दिला (मत्तय १८:६). ते मूल मध्यभागी उभे करून या व्यवहाराकडे पाहिले, की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. ‘हे मला अपायकारक आहे काय?’ हा प्रश्न मागे पडतो, आणि ‘माझ्या या सवयीसाठी कोणाचे बालपण खर्ची पडते?’ हा पुढे येतो. १ करिंथकर ८ मध्ये मूर्तीच्या नैवेद्याविषयी लिहिताना पौलाने हीच दिशा दाखविली आहे. एखादी वस्तू मला मोकळी आहे एवढ्यावर विचार संपत नाही. माझ्या मोकळीकीचा भार कोणा दुर्बळावर पडतो, हेही पाहावे लागते.

६. काही आक्षेप

असे विचारले जाईल की, बालश्रम कापसात आहे, विटांच्या भट्टीवर आहे, मग तंबाखूच का? उत्तर असे की, कापसातील अन्याय दूर केला असता कापड शिल्लक राहते आणि ते मानवाच्या उपयोगाचे असते. तंबाखूतील बालश्रम दूर केला तरी जे शिल्लक राहते, ते ओढणाऱ्याचा घात करणारेच असते. म्हणून कापसाच्या बाबतीत रीत सुधारणे पुरेसे आहे, तर तंबाखूच्या बाबतीत रीत सुधारून पिकाचाही पुनर्विचार करावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तंबाखू सोडला तर शेतकऱ्याने व विडी वळणाऱ्या विधवेने खावे काय? या आक्षेपाला शास्त्राचेच पाठबळ आहे. अनुवाद २४:६ मध्ये जात्याची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण त्याने माणसाचा जीवच गहाण पडतो. जी नीती गरिबाच्या हातातून त्याचे सूप काढून घेते व दुसरे काहीच देत नाही, ती ख्रिस्ती नीती नव्हे. भारताने २००४ साली मान्य केलेल्या जागतिक तंबाखू-नियंत्रण करारातही तंबाखूच्या शेतकऱ्यांना व कामगारांना पर्यायी उपजीविका मिळवून देण्याचे कलम आहे. मागणी एका रात्रीत नाहीशी होत नाही. तेव्हा पर्याय उभारण्यास वेळ आहे, पण मुलांना आजच शेतातून शाळेत नेण्यास थांबण्याचे कारण नाही.

७. आपले कर्तव्य

या विवेचनावरून पाळक व धर्मशिक्षक यांच्यापुढे काही गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

(अ) उपदेशात ओढणाऱ्याची निंदा करू नये. पुष्कळांना हे व्यसन लहान वयातच जडलेले असते. त्यांस साह्य हवे असते. व्यसनमुक्तीसाठी शासनाचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. पाळक स्वतः ओढत असेल तर त्याने प्रथम स्वतः सोडण्याचा निश्चय करावा. त्याचा हा प्रयत्न हाच मोठा उपदेश होईल.

(आ) धर्मशिक्षकाने शब्बाथशाळेच्या हजेरीकडे हंगामानुसार पाहावे. लावणीच्या व काढणीच्या महिन्यांत जी मुले गैरहजर असतात, त्यांच्या घरी जावे. दोष देण्यासाठी नव्हे, तर कर्ज किती, मजुरी किती, शाळा कितवीत सुटली, हे जाणण्यासाठी. मूल बाहेरच्या मालकाकडे राबत असल्यास १०९८ या बालसाह्य क्रमांकावर कळवावे.

(इ) तंबाखू पिकविणाऱ्या कुटुंबांना पानातील विषाची माहिती साध्या शब्दांत द्यावी. पान ओले असताना हात लावू नये, अंगभर कपडे घालावेत, भिजलेले कपडे ताबडतोब बदलावेत, काम संपताच हातपाय धुवावेत, आणि मुलांनी व गरोदर स्त्रियांनी हिरव्या पानाला मुळीच शिवू नये, एवढे जरी प्रत्येक घरी कळले तरी पुष्कळ साधेल.

(ई) हंगामाच्या उपकारस्तुतीच्या वेळी तंबाखूच्या उत्पन्नातून अर्पण आले तर काय करावे, हा प्रश्न अनेक मंडळ्यांपुढे येतो. आमचे मत असे की, गरीब शेतकऱ्याचे अर्पण परत करून त्याला अपमानित करू नये. मात्र ते अर्पण त्याच वस्तीतील मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावे, व तसे मंडळीसमोर सांगावे. तंबाखूचा व्यापार करणाऱ्या धनिकाने किंवा कंपनीने नावलौकिकासाठी देऊ केलेली देणगी ही वेगळी गोष्ट आहे. ती मंडळीने नम्रपणे नाकारावी. व्हर्जिनियाच्या पाळकांचे तोंड ज्याने बंद झाले, त्याने आपलेही होऊ शकेल.

(उ) मंडळीच्या स्त्रीमंडळांनी विडी कामगार स्त्रियांस ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी व मुलांच्या शिष्यवृत्त्या यांविषयी मार्गदर्शन करावे, आणि शिवणकाम वा अन्य उद्योगाची जोड मिळवून देण्याचा यत्न करावा. आईची मिळकत वाढली, म्हणजे मुलगी सुपाजवळून उठून शाळेत जाऊ शकते.

इफिस नगरात देमेत्रिय सोनाराने सुवार्तेविरुद्ध दंगल उसळविली, कारण तिच्यामुळे धंद्याला धोका पोहोचत होता (प्रेषितांची कृत्ये १९). सुवार्ता जेथे खरोखर सांगितली जाते तेथे ती कोणाच्या ना कोणाच्या हिशेबाला स्पर्श करतेच. आपण धूम्रपानावर दिलेला उपदेश आजवर कोणाच्याही हिशेबाला स्पर्श करीत नसेल, तर तो अजून पुरता दिलेला नाही असे समजावे. येत्या काढणीच्या हंगामात प्रत्येक सेवकाने आपल्या वस्तीतील निदान एका कुटुंबाचा हा हिशेब त्यांच्याबरोबर बसून मांडावा, आणि त्या घरचे मूल वर्षअखेर शाळेत राहील इतका भार मंडळीने उचलावा, एवढीच आमची विनंती आहे.